रुमालाखालची किंमत

भूमच्या शेळीबाजाराला लागून एक दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीतलं कपाटच. आत एक माणूस मांडी घालून बसला की दुसऱ्यानं बाहेर पायरीवर बसायचं. त्या कपाटात मुनीरभाई बसायचे. घड्याळं दुरुस्त करायचे, पण लोक लांबून यायचे ते दुरुस्तीसाठी नाही. बापजाद्याचं जुनं घड्याळ फडक्यात बांधून आणायचे आणि विचारायचे, "मुनीरभाई, काय येईल ह्याचं?"

मुनीरभाईंनी उभ्या जन्मात एकाही घड्याळाची किंमत रुपयात सांगितली नाही.

"रुपयाचं काय घेऊन बसलाव," ते म्हणायचे. "माझ्या निकाहात जेवढ्यात अख्खी गल्ली जेवली तेवढ्यात आता च्या बी येत न्हाय. पण शेळी तवा बी शेळी होती, आता बी शेळीच हाय."

म्हणून ते जनावरात किंमत करायचे. अगदी खालचं घड्याळ म्हणजे अंडं. त्याच्या वर कोंबडी, मग करडू, मग पाठ म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी, मग शेळी. शेळीतही खालवर होतं. भाकड शेळीचं घड्याळ म्हणजे दिसायला देखणं, पण ठेवून वाढायचं नाही. गाभण शेळीचं म्हणजे आज एवढं आहे, पण चार वर्षं दम धरला तर घरात वाढणारं. त्याच्या वर दुभती म्हैस. सगळ्यात वर बैलजोडी. बैलजोडीची घड्याळं आपल्या हाताखालून अगदी थोडी गेली, असं ते सांगायचे. कुणाची ते मात्र सांगायचे नाहीत.

ह्या बोलीची भूमला इतकी सवय झाली होती की सोयरीक बघून आलेला माणूस पारावर बसून म्हणायचा, "पोरगं बरं हाय, पण कोंबडीतलंच." सगळ्यांना कळायचं.

ही तऱ्हा त्यांना आली कुठून, तर घरातून. त्यांचे वडील शेळीबाजारातले दलाल आणि मामू घड्याळजी. वडलांकडून हात घेतला, मामूकडून डोळा घेतला, असं ते छाती पुढं काढून सांगायचे. छाती पुढं काढायची त्यांना फार हौस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यात सुरमा, कानात अत्तराचा बोळा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, म्हणजे हातावरची घड्याळं लोकांना दिसावीत. एका हाताला तीन, दुसऱ्या हाताला दोन, अशी घड्याळं बांधून ते बाजारातून हिंडायचे. एकही त्यांचं स्वतःचं नसायचं.

कारण त्यांचा नेम होता. आणलेल्या घड्याळाची किंमत त्या दिवशी करायची नाही. ह्या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत ते आपल्या मनगटाला बांधायचं. घड्याळ त्यांच्याबरोबर नमाजाला जायचं, लग्नाला जायचं, झोपायचं. कुणी घाई केली तर म्हणायचे, "शेळी इकत घेताना दारात बांधून बघता का न्हाय? किती खाती, कुणाला मारती, रातची वरडती का? मग ह्याला बी बांधू द्या की दोन दिस."

रस्त्यात कुणी वेळ विचारली की ते दोन्ही हात पुढं करायचे. "कुणाचा टाइम सांगू? पाटलाचा, वाण्याचा का गुरवाचा?"

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मी दोन शेळ्या बाजारात उभ्या केल्या होत्या आणि गिऱ्हाइकाला सांगत होतो की दोन दाती आहेत, म्हणजे तरण्याच. कपाटातून आवाज आला, "चार दाती!" मी म्हणालो, "तुमी घड्याळं बघा." ते भिंग डोळ्याला लावलेलंच ठेवून उठून आले, शेळीचं तोंड उघडलं आणि म्हणाले, "हौ, मी चुकलो. दोनच दात हायत. पण गडी अडून बसला का सोडून देतो ते बघायचं होतं." गिऱ्हाईक हसलं आणि शेळ्या घेऊन गेलं. तेव्हापासून बाजारच्या दिवशी त्यांच्या पायरीवर माझी बैठक पडली. आमच्या घरात अडून बसण्याबद्दल मला सगळ्यांनी नावं ठेवली. त्या गुणाची किंमत करणारा हा एकच माणूस मला भेटला.

पायरीवर बसून बसून मला थोडं कळायला लागलं. शिकवायचं म्हणून त्यांनी कधी शिकवलं नाही. बोलत बोलत दाखवायचे. "कडा बघा. घासून घासून गोल झाल्यात, बैलानं चाटल्यावानी. मूळची कड बोटाला लागायला पाहिजे." किंवा, "चेहऱ्यावर मिनिटाच्या बारीक रेघा असत्यात. कारखान्यातली रेघ आकड्याच्या बरोबर पोटात जाती. पेंटरची रेघ वाट चुकती." मग मागचं झाकण काढून आतल्या यंत्राला पोट म्हणायचे, बाहेरच्या डबीला कातडं. पोट एकाचं, कातडं दुसऱ्याचं आणि तोंड तिसऱ्याचं, असं घड्याळ निघालं की म्हणायचे, "हे घर न्हाय, धर्मशाळा हाय."

सगळ्यात जास्त राग त्यांना रंगाचा. आमच्याकडं लग्नात नवरदेवाला घड्याळ बांधण्याची रीत, सासऱ्यानं नाहीतर बापानं. नव्याची ऐपत नसली तर घरातलंच जुनं घड्याळ बाहेर काढायचं. पण मांडवात जुनं दिसायला नको, म्हणून मोठ्या गावी नेऊन त्याचा चेहरा नव्यानं रंगवून आणायचा, वर सोन्याचं पाणी द्यायचं. त्यापायी आमच्या भागातली किती चांगली घड्याळं नटून नटून कोंबडी झाली त्याला गणती नाही.

हरिबा म्हणून एक शेतकरी होता. त्याच्या आज्याचं घड्याळ मुनीरभाईंनी आदल्या वर्षी बघून दुभत्या म्हशीचं सांगितलं होतं. ते घड्याळ त्यांच्या मनात बसलं होतं. अधूनमधून विचारायचे, "आपली म्हैस बरी हाय का हरिबा?" एक दिवस हरिबा मोठ्या खुशीत आला आणि खिशातून घड्याळ काढून म्हणाला, "बघा मुनीरभाई, वळखू येतंय का?" चेहरा पांढराधोट, आकडे काळेभोर, कातडं पिवळंधम्मक.

मुनीरभाईंनी भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग समोरच्या हॉटेलात तीन चहा सांगितले.

हरिबा म्हणाला, "कसं दिसतंय?"

"नवरदेवावानी."

"आता बैलजोडीत गेलं असंल न्हाय?"

"हरिबा, लगीनघरी जनावराचा भाव करत न्हाईत. जावायाच्या हातात बांधा. सुखानं नांदू द्या."

हरिबा चहा पिऊन गेला. मुनीरभाईंनी तेव्हा कुठं भिंग काढलं. मला म्हणाले, "म्हशीची कोंबडी करून आणली की हो, गणपतराव."

"मग तोंडावर सांगायचं न्हाय?"

"सांगून काय आता ते तोंड परत येणार हाय? पोरीचा बाप हाय. मांडवात त्यो हसत उभा ऱ्हायला पाहिजे."

हरिबाच्या घड्याळाचा धसका घेऊन त्यांनी एक पाटी लिहून घेतली आणि कपाटावर लावली: 'घड्याळाला रंग देण्याआधी मला भेटा.' झालं भलतंच. लोकांना वाटलं, मुनीरभाईंनी आता रंगाचं काम सुरू केलं. पुढच्या बाजारापासून रांग लागली. "आमचं हिरवं करा, आमचं सोनेरी करा." एक म्हातारी तर पितळी समई घेऊन आली. मुनीरभाई ओरडून ओरडून लाल झाले. शेवटी त्यांनी पाटी उलटी करून टांगली. ती उलटीच पाटी मी शेवटपर्यंत बघितली.

स्वतः फसले ते मात्र त्यांनी लपवलं नाही. एकदा एक परगावचा माणूस आला. बस सुटायला आली होती, त्याला घाई होती. घड्याळ इतकं देखणं की मुनीरभाईंनी नेम मोडला. हातावर बांधून न बघता म्हशीच्या भावात जागच्या जागी घेतलं. बस गेल्यावर पोट उघडलं तर आत धर्मशाळा. दुसरा असता तर ते विहिरीत टाकून गप बसला असता. मुनीरभाईंनी ते शेळीच्या घंटीबरोबर एका दोरीत ओवून दुकानाच्या दारात टांगलं. घाईचं गिऱ्हाईक आलं की घंटी वाजवायचे. "घाई हाय? मग ह्यांना इचारा. ह्ये माझे उस्ताद."

आणि शेवटची रीत म्हणजे रुमाल. शेळीबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात रुमालाखाली धरतात. कोणतं बोट धरलं, किती धरली, दाबली का सोडली, त्यावरून भाव कळतो. भोवती उभ्या असलेल्याला काही कळत नाही. भाव मान्य असला की उलट बोट दाबायचं, नसला की हात काढून घ्यायचा. मुनीरभाई घड्याळाचा भावही असाच द्यायचे. पहिल्या बोटावरून जनावर, मग बोटांवरून नग. पण त्याआधी त्या घड्याळात काय काय खोड आहे ते खणखणीत आवाजात चारचौघांत सांगायचे. "बाजारचा कायदा हाय," ते म्हणायचे. "खोड उघड्यावर, भाव रुमालाखाली. लोक उलटं करत्यात म्हणून भांडणं लागत्यात."

आता आमच्या घड्याळाचं सांगतो.

आमचे वडील निजामाच्या राजवटीत एका अंमलदाराच्या घोड्यामागं पळायचे. राज्य गेलं, अंमलदारही गेला, आणि जाताना हातातलं घड्याळ वडलांच्या हातात बांधून गेला. त्याचे आकडे उर्दूत होते. वडलांना मराठी आकडेही येत नव्हते, त्यामुळं काही अडलं नाही. काटा कुठं उभा आहे त्यावरून ते वेळ सांगायचे. आम्ही दोघं भावही तशीच वेळ बघायला शिकलो. मी थोरला, नामदेव धाकटा.

वाटणीच्या वेळी मीच म्हणालो, "इहिरीकडला तुकडा नामदेवला द्या, मला माळ आणि घड्याळ द्या." भावकी हसली. "घड्याळाला पाणी पाजून जवारी उगवती का बघू," असंही कुणी बोललं. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. बापाच्या हातातली वस्तू होती.

असा बराच काळ गेला. मग अलीकडं एक पुण्याचा माणूस गाडी घेऊन गावोगाव हिंडायला लागला. जुनी घड्याळं विकत घ्यायचा. नामदेवच्या पोरानं मोबाइलमध्ये त्याला आमच्या घड्याळाचा फोटो दाखवला. तो माणूस म्हणाला म्हणे, उर्दू आकड्यांचं घड्याळ, आणि चेहरा मूळचा असला, तर काय वाट्टेल ते देतो.

संध्याकाळी नामदेव दारात उभा. "दादा, वाटणी परत करायची."

"का रं?"

"तवा घड्याळाची किंमत धरलीच न्हवती."

"तवा इहिरीला पुढं किती पाणी लागंल ते तरी कुठं धरलं होतं?"

तिथून बोलणं वाढलं ते बंद पडण्यापर्यंत गेलं. आमची घरं एका भिंतीला लागून. इकडं खोकला आला तर तिकडं कळतं. तरी तोंड बघणं बंद झालं. त्यात नामदेवच्या नातीचं लग्न ठरलं. पत्रिका गावभर वाटल्या, आमच्या दाराला आली नाही. ती पोर आमच्या घरात जेवून मोठी झाली होती. आमची कारभारीण चुलीपुढं बसून राहिली, भाकरी करपली तरी उलटली नाही.

भिवाअण्णा म्हणून आमच्या भावकीतले म्हातारे होते. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. "कोर्टात गेलाव तर घड्याळ बी जाईल, इहीर बी जाईल. भूमच्या मुनीरभाईंकडनं किंमत करून घ्या. त्यो म्हणंल ते दोघांनी मानायचं."

नामदेव म्हणाला, "त्यो दादाचा दोस्त हाय. मला मान्य न्हाय."

मी म्हणालो, "मला बी मान्य न्हाय." कारण मुनीरभाई माझी बाजू घेणार नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

भिवाअण्णा म्हणाले, "दोघांना बी नको म्हंजे माणूस बरोबर हाय."

घड्याळ मुनीरभाईंच्या हातावर गेलं. बाजार व्हायच्या आत मी एकदा सहज म्हणून दुकानाकडं गेलो. पायरीवर बसायला लागलो तर म्हणाले, "उठा."

"म्हंजे?"

"तुमी आता गिऱ्हाईक हायत. तिकडं हॉटेलात बसा. पुढल्या बाजारानंतर पायरी तुमचीच हाय."

मी तिथून तसाच माघारी बसस्टँडवर आलो. गावची गाडी येईपर्यंत मनात त्यांना शिव्या देत होतो. आज कुणी मला विचारलं की उभ्या आयुष्यात तुमच्यावर उपकार कुणी केले, तर मी पहिल्यांदा त्या एका शब्दाचं नाव घेईन. उठा.

ठरल्या दिवशी ते एसटीनं आमच्या गावी आले. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, आणि खांद्यावर वडलांचा तांबडा दलालीचा रुमाल. हातावर त्या दिवशी एकच घड्याळ, आमचं. भिवाअण्णाच्या ओसरीत माणसं दाटली होती. बायका आतल्या दाराला उभ्या.

मुनीरभाईंनी पाणी घेतलं आणि विचारलं, "हे घड्याळ कुणाच्या लग्नात कुणाच्या हातात होतं?"

कुणाला काही कळेना. भिवाअण्णा म्हणाले, "ह्या दोघांचं लगीन एकाच मांडवात झालं. म्हातारा अडचणीत सापडला. नवरदेव दोन, घड्याळ एक. थोरल्याला बांधलं तर धाकटा रुसणार, धाकट्याला बांधलं तर थोरला पेटणार. मग म्हाताऱ्यानं ते कुणालाच बांधलं न्हाय. सोताच्याच हातात ठिवलं."

"हौ," मुनीरभाई म्हणाले. "तेच मला पाहिजे होतं. आता खोड ऐका."

ते उभे राहिले. "पहिली खोड. काच बदललेली हाय. दुसरी, सेकंदाचा काटा दुसऱ्याचा हाय. तिसरी..." असं म्हणून त्यांनी घड्याळाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "इथं मागं बारीक नक्षी होती. निम्मी हाय, निम्मी गेली. ह्याला चिंच लागलीया."

आतल्या दारातून आमच्या कारभारणीचा आवाज आला, "दसऱ्याला सगळी हत्यारं घासती, तवा हे बी घासलं. चिंच आन राखुंडी लावून. पूजा होती की."

"भाभी," मुनीरभाईंनी हात जोडले, "तुमी एक आख्खी शेळी धुऊन टाकली बघा."

सगळी ओसरी हसली. नामदेवही हसला आणि लगेच तोंड गोळा करून बसला.

"आता गुण. पोटातला नंबर आन झाकणातला नंबर एका घरचा हाय. कडा जिवंत हायत. आन चेहरा." इथं त्यांचा आवाज उतरला. "चेहऱ्याला कुणाचा बरश लागलेला न्हाय. ज्या आईच्या पोटातून आलं तिचंच तोंड हाय ह्याला. का? तर लग्नात ते कुणाच्याच हातात बांधलं न्हाय. बांधायचं असतं तर म्हाताऱ्यानं बी रंगवून आणलं असतं, सगळ्यांवानी. का बांधलं न्हाय? तर नवरदेव दोन होते. गणपतराव एकटा असता तर कोंबडी झाली असती. नामदेव एकटा असता तरी कोंबडीच. ह्ये दोघं होते म्हणून ह्याचं तोंड ऱ्हायलं. ह्याला जी काय किंमत हाय ती दोघांमुळं हाय. समजलं?"

कुणीतरी म्हणालं, "मग सांगा की किंमत."

"भाव रुमालाखाली."

"पहिलं कुणाच्या हातात?" नामदेवनं विचारलं.

"दोघांच्या. एकदम. न्हायतर उद्या म्हणाल, त्याला येगळा सांगितला आन मला येगळा."

त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. मधे स्वतः बसले. तांबडा रुमाल पसरला. खाली माझा उजवा हात एका हातात घेतला, नामदेवचा दुसऱ्या हातात. आधी जनावर दिलं. मग नग दिले. मी बाजारात मुरलेला माणूस, तरी मला वाटलं, आपली मोजायची चूक झाली. नामदेवकडं बघितलं तर त्याच्याही भुवया वर गेलेल्या.

"कळलं?" मुनीरभाई म्हणाले. "मान्य असंल तर बोट दाबा. नसंल तर हात काढा."

मी बोट दाबलं. उलट बोट दाबलं गेलं. आणि माझ्या ध्यानात आलं की ते बोट वाकडं आहे. लहानपणी मोटेच्या चाकात नामदेवचं करंगळीशेजारचं बोट सापडलं होतं, ते तसंच वाकडं बसलं. मुनीरभाईंनी आपले दोन्ही हात केव्हाच काढून घेतले होते. मांडीवर ठेवून बसले होते, गाडीची वाट बघत बसल्यासारखे. रुमालाखाली आमचे दोघांचेच हात उरले होते.

कित्येक वर्षांत मी त्या हाताला हात लावला नव्हता. हात काढायचा म्हणजे भाव अमान्य. मी काढणार नव्हतो. तोही काढणार नव्हता. एकाच बापाचे आम्ही, अडून बसणं दोघांच्याही रक्तात. बसलो तसेच. लोकांना वाटलं, भावाची घासाघीस चालली आहे.

शेवटी मुनीरभाई म्हणाले, "सौदा झाला का न्हाय? मला शेवटची गाडी गाठायचीय."

नामदेव रुमालाकडं बघत म्हणाला, "सांजच्याला पत्रिका घेऊन येतो दादा. वैनीला सांग, मांडव तिनंच उभा करायचा."

"आन घड्याळ?" मी म्हणालो.

"दसऱ्यापत्तोर तुझ्याकडं. तिथनं पुढल्या दसऱ्यापत्तोर माझ्याकडं."

"आन इकायचं?"

"इकलं तर काय बांधायचं हातात?"

मुनीरभाईंनी रुमाल ओढून घेतला, झटकला, घडी घातली. "दोन्ही घरात चिंच लावायची न्हाय," एवढंच म्हणाले. दलाली म्हणून त्यांनी दोघांकडून भूमच्या पेढ्याचा एकेक पुडा मागितला. पुढच्या बाजारी आम्ही ते नेऊन दिले, तर दोन्ही पुडे हातावर तोलून बघितले, सारखे आहेत का म्हणून. मग पायरीकडं बोट करून मला म्हणाले, "बसा."

पुण्याचा माणूस पुन्हा आला होता. नामदेवनं त्याला दारातच सांगितलं, "ह्याला मालक दोन हायत. दोघं एकदम घावले तर बघू." आणि मला मागच्या दारानं शेतात पाठवून दिलं. तो बिचारा दोनदा येऊन गेला.

गावात अजून पैजा लागतात. कुणी म्हणतं दोन बैलजोड्या, कुणी म्हणतं तांड्याचा तांडा. किंमत मी सांगणार नाही. इथंही नाही. भाव रुमालाखाली दिलेला आहे.

पुढं मुनीरभाईंचे डोळे गेले. हळूहळू गेले, आणि त्यांनी ते बरेच दिवस कुणाला कळू दिलं नाही. भिंग लावून बसायचे आणि बघायचे मात्र अंगठ्यानं. मग एका बाजारी कपाट बंद दिसलं. दारातली दोरी तेवढी होती, उस्ताद आणि घंटी.

दसऱ्याला घड्याळ माझ्याकडून नामदेवकडं जायचं होतं. नामदेवच म्हणाला, "ह्या टायमाला म्हातारबाबांच्या समोर देऊ." आम्ही आपट्याची पानं घेतली आणि भूमला गेलो. मुनीरभाई खाटेवर पडले होते. शर्ट इस्त्रीचाच होता, बाह्याही दुमडलेल्या होत्या. हातांवर काही नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांचे मोकळे हात मी पहिल्यांदा बघितले. बारीक होते, आणि मनगटावर पट्ट्यांच्या जागी फिकट रेघा पडलेल्या.

मी पानं हातात दिली. वास घेऊन म्हणाले, "सोनं आणलं. गणपतराव हायत. आन संगं वाकडं बोट बी हाय." नामदेव बोलला नव्हता. त्याच्या पायताणाच्या आवाजावरून ओळखलं असावं.

घड्याळ दिलं. त्यांनी ते कानाला लावलं नाही. पाठीवरून अंगठा फिरवला, कडेवरून फिरवला, काचेवर थांबवला. "चिंच न्हाय लागली," म्हणाले. "रुमाल आणा."

त्यांच्या सुनेनं खुंटीवरचा तांबडा रुमाल आणून दिला. तो छातीवर पसरून त्यांनी दोन्ही हात खाली घेतले. आम्ही खाटेच्या दोन बाजूंना बसलो आणि आपापला हात आत घातला. बोटांत जोर नव्हता, पण खूण सरळ होती. जनावर तेच. नग वाढले होते.

"मान्य?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाबलं. पलीकडून नामदेवनंही दाबलं असणार, कारण मुनीरभाई दोन्हीकडं मान हलवून हसले. मग डोळे मिटले. आम्ही वाट बघत राहिलो. बाहेर कुणीतरी शेळ्या हाकत चाललं होतं. या वेळी त्यांनी आपले हात काढून घेतले नाहीत.